मे महिन्यात स्वित्झर्लंडला, स्वतःच्या स्वयंपाकासकट

सहकुटुंब स्वित्झर्लंडला निघाला असाल, बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आणि खाण्याच्या बाबतीत हट्टी पोरं असतील, तर हॉटेलची खोली घेऊ नका. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. पैसे वाचतात हे खरंच, कारण तिथल्या साध्या रेस्टॉरंटमध्येही एका माणसाच्या जेवणाला २५-३० फ्रँक सहज जातात. पण माझं कारण वेगळं आहे. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना रात्री आठच्या आत जेवावं लागतं आणि पोटात काय गेलं ते नीट कळावं लागतं. धाकट्याला चीजचा वासही चालत नाही. अशा दोघांना घेऊन रोज संध्याकाळी मेनूकार्ड वाचत बसलं की सहलीतला आनंद तिथेच संपतो. उलट डोंगरावरून परतल्यावर अर्ध्या तासात पिठलं-भात पुढ्यात आला, की आईच विचारतात, "उद्या कुठे जायचं गं?"

आमचा मुक्काम लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात होता. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, समोर श्टाउबाखचा जवळजवळ ३०० मीटर उंचीचा धबधबा, आणि इंटरलाकेनहून वीसएक मिनिटांत पोचणारी गाडी. पुढे जे सांगते आहे ते तिथल्या अनुभवावरून, पण स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलणाऱ्या भागात कुठेही उतरलात तरी उपयोगी पडेल.

बॅगेत काय भरायचं

आपल्याकडे सहलीला निघताना अख्खं वाणसामान बांधायची सवय असते. तांदूळ, डाळ, रवा, कणीक, सगळं. याची गरज नाही. धान्य तिथे मिळतं. मिळत नाही ती आपली चव. म्हणून मी फक्त फोडणीचं आणि वरून पेरायचं सामान नेते: मोहरी, जिरं, हळद, मेथीदाणे, डबीतला हिंग (तो दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर सगळे कपडे हिंगाचे होतात), लाल तिखट, गोडा मसाला, आमसुलं, पाव किलो गूळ, दाण्याचं कूट, मेतकूट, लसणीची आणि कारळाची चटणी. पिठांपैकी दोनच, थालीपिठाची भाजणी आणि बेसन. जाड पोहे अर्धा किलो. एवढ्यात चार-पाच माणसांचा आठवडा आरामात निघतो. कढीपत्ता हवाच असेल तर घरी सावलीत खडखडीत वाळवून, चुरून मोहरीच्याच डबीत मिसळून टाका.

मिक्सर नेऊ नका. कूट आणि चटण्या तयार असल्या की त्याची आठवणही येत नाही. लाटणं मात्र मी घरचंच नेते, कारण भाड्याच्या घरात ते असेलच असं नाही. शिवाय तीन लिटरचा स्टीलचा कुकर, त्याची शिटी आणि रबर काढून वेगळ्या पिशवीत. हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. केबिन बॅगेत लोणच्याची बाटली ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत ती पातळ पदार्थांत मोजतात, आणि तिथे १०० मिलीच्या वर काही सोडत नाहीत.

आता जे अजिबात न्यायचं नाही ते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण भारतासारख्या बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशासाठी नियम तेच: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही, दुधाची पावडर नाही. ताकात भिजवून वाळवलेली सांडगी मिरचीही मी याच कारणाने घरी ठेवते. ताजी फळं, भाज्या, पालेभाज्या यांना रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते आपल्यापैकी कोणी काढत नाही. नारळ, केळी, अननस, खजूर अशा मोजक्याच फळांना त्यातून सूट आहे, आंब्याला नाही. मे महिन्यात निघताना घरात हापूसची पेटी उघडलेली असते, मुलं म्हणतात चार तरी घेऊया. घेऊ नका. आमरसाचा सीलबंद डबा न्या, ८५० ग्रॅमचा एक पुरतो.

तुपाची काळजी करायची नाही, तेही सांगते. तिथल्या दुकानात थंड कप्प्यात लोण्याशेजारी "ब्राटबुटर" लिहिलेला डबा किंवा वडी असते. ते कढवलेलं लोणी, म्हणजे आपलं तूपच. घरच्या साजूक तुपाचा खमंग वास त्याला नसतो, पण मंद आचेवर पाच मिनिटं आणखी तापवलंत की बराचसा येतो. वरणभातावर घातल्यावर आईंनीही तक्रार केली नाही.

पहिल्या दिवसाची तजवीज वेगळी करा. विमान, मग दोन-तीन गाड्या बदलून घरी पोचेपर्यंत सगळे थकलेले असतात आणि दुकान बंद झालेलं असू शकतं. तेव्हा दही न घातलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वरच्या पिशवीत असू द्या.

घर ठरवताना

जाहिरातीत नुसतं "किचनेट" असेल तर फोटो नीट बघा. दोन शेगड्या, ओटा, फ्रिज आणि पंखा असलेली चिमणी एवढं दिसलं पाहिजे. शेवटच्या साफसफाईचे पैसे बऱ्याचदा भाड्याखेरीज असतात, ते आधी विचारा. पर्यटनकर भरला की अनेक गावांत पाहुण्यांचं कार्ड देतात. त्यावर आसपासच्या बस फुकट मिळतात, तेव्हा ते मागून घ्या. प्लगचा प्रश्न असा, की तिथलं सॉकेट खोलगट षटकोनी असतं. आपली मोबाइल चार्जरची बारीक दोन पायांची पिन त्यात बसते, तीन पायांची बसत नाही. ठोकळ्यासारखा गोल अ‍ॅडॉप्टरही त्या खोलगटपणामुळे आत जात नाही.

दुकानाचं वेळापत्रक आधी, प्रेक्षणीय स्थळं नंतर

हा मुद्दा मी ठासून सांगते, कारण आपल्याला सवय रात्री दहाला खाली उतरून कोथिंबीर आणायची. तिथे छोट्या गावातलं दुकान संध्याकाळी साडेसहा-सातला बंद होतं, शनिवारी त्याहून लवकर, आणि रविवारी बहुतेक सगळं बंद. झ्युरिक, बर्न अशा मोठ्या स्टेशनांतली दुकानं रविवारी उघडी असतात, पण त्यासाठी कोणी दोन तास प्रवास करत नाही. आपल्या शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी आणखी दोन दिवस महत्त्वाचे: ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा गुरुवार आणि ५० दिवसांनी येणारा सोमवार. या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या बहुतेक वेळा मे आणि जूनमध्ये येतात. निघण्याआधी त्या वर्षाच्या तारखा काढून कॅलेंडरवर खूण करा आणि आदल्या दिवशी दूध-भाजी भरून ठेवा.

मिग्रोस आणि कोऑप ही दोन दुकानं सगळीकडे दिसतील. त्यात काय कशासाठी घ्यायचं ते सांगते. मऊ भातासाठी बासमती नको, "मिल्खराइस" घ्या. दुधातल्या खिरीसाठी विकला जाणारा आखूड, गोल दाणा असतो. पाणी जास्त घालून शिजवला की मेतकूट-भाताला लागतो तसा चिकट, मऊसूत होतो. आंबेमोहोराचा वास त्याला अर्थातच नाही. डाळीत लाल मसूर ("रोटे लिन्झेन") सगळ्यात सोयीची. डब्यातले उकडलेले छोले, टोमॅटोचा गाळलेला रस, साधं दही हे कुठेही मिळतं. "ग्रीस" म्हणजे रवा, उपमा आणि शिरा दोन्ही छान होतात. "बुटरमिल्ख" हे आंबट ताक आहे. मीठ, जिरं, चिमूटभर हिंग घातला की मठ्ठा तयार. बटाट्याच्या पिशवीवरचा रंग बघा: हिरवी म्हणजे शिजल्यावर घट्ट राहणारे, काचऱ्यांना चांगले. निळी म्हणजे पिठूळ, बटाट्याच्या भाजीला आणि पराठ्याच्या सारणाला.

पोळ्यांसाठी "रुखमेल" नावाचं थोडा कोंडा असलेलं सावळं पीठ घ्या. त्याला चिकटपणा आपल्या कणकेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे लाटताना पोळी आखडते. तेल जरा सढळ घाला आणि कणीक निदान अर्धा तास झाकून ठेवा, मग मुकाट्याने लाटली जाते.

शाकाहारी असाल तर पाकिटावर पिवळं गोल "व्ही" चिन्ह शोधा. "श्पेक" म्हणजे डुकराचं मांस, आणि ते बटाट्याच्या तयार पदार्थांत किंवा सॅलडमध्ये सहज सापडतं. जिलेटिन दह्याच्या गोड प्रकारांत असू शकतं. ग्रुयेर आणि एमेंटाल ही पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. जे कडक पाळतात त्यांनी ती टाळावीत.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं आणि गावोगावच्या दगडी हौदांचंही. फक्त हौदावर "काइन ट्रिंकवासर" लिहिलेलं असेल तर ते पिऊ नये.

काचेच्या शेगडीवर फोडणी

बहुतेक घरांत गॅस नसतो, काळी काचेची विजेची शेगडी असते. ती दोन प्रकारची. पातेल्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलाच पाहिजे अशी इंडक्शनची, आणि नुसती आतली तार तापणारी. दुसऱ्या प्रकारावर आपली फोडणी करपते, कारण बटण बंद केलं तरी काच बराच वेळ धगधगत असते. गॅससारखं "बारीक कर" म्हणायची सोय नाही. तेव्हा असं करा. छोटं पातेलं ठेवून आच मध्यम, नऊपैकी सहावर. तेल तापलं की मोहरी. पहिले चार दाणे तडतडले, की पातेलं काचेवरून उचलून शेजारच्या थंड जागेवर ठेवायचं. उरलेली मोहरी तेलाच्या धगीवरच तडतडते. मग जिरं, हिंग, आणि हळद सगळ्यात शेवटी. लगेच डाळ किंवा भाजी त्यात ओतायची आणि पातेलं परत काचेवर. चिमणीचा पंखा आणि खिडकी फोडणीच्या आधी सुरू करा, कारण धुराचा अलार्म असेल तर लाल मिरचीच्या ठसक्याने तो नक्की वाजतो.

थालीपीठ लावायला जड तवा नसतो. ओव्हनसाठी मिळणारा न चिकटणारा कागद घ्या, त्याला तेलाचा हात लावून त्यावर थालीपीठ थापा, भोकं पाडा, कागदासकट पॅनमध्ये उलटं घाला आणि कागद सोलून काढा. झाकण ठेवून दोन्ही बाजू खरपूस करा.

कुकर का नेते, तेही सांगून टाकते. जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी उष्णतेला उकळतं. लाउटरब्रुनेनला साधारण ९७ अंशांना, वरच्या म्यूरेनला (सुमारे १६४० मीटर) ९४-९५ ला. तूरडाळ, छोले उघड्या पातेल्यात तासन्तास दाणा सोडत नाहीत. इंटरलाकेनची उंची पुण्याएवढीच आहे, तिथे फरक जाणवत नाही. पण वरच्या गावात घर घेतलंत तर कुकर हवा, नाहीतर मसुरीवर भागवावं.

कैरीच्या जागी रुबार्ब

मे महिना आणि ताटात आंबटगोड काही नाही, हे मला पटत नाही. पन्हं नाही, कैरीची डाळ नाही, मेथांबा नाही. तिथल्या दुकानात पहिल्याच फेरीत लांब, लालसर, देठासारख्या काड्या दिसल्या. पाटीवर "राबार्बर", म्हणजे रुबार्ब. तिचा मोसम एप्रिल ते जून, म्हणजे नेमका आपल्या कैरीचा. तिथली माणसं साखर घालून त्याचा केक, मुरंबा करतात. एक तुकडा चावून बघा: कैरीइतकाच कडक आंबट. मग मेथांब्याशिवाय दुसरं काय करायचं?

अर्धा किलो काड्या घ्या. पानं राहिली असतील तर काढून टाका, ती विषारी असतात. जाड काड्यांच्या वरच्या दोऱ्या वालाच्या शेंगेसारख्या ओढून काढा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे बदामी होईपर्यंत, हिंग, हळद. आता इथे कैरीपेक्षा क्रम बदलायचा. कैरी आधी शिजवून मग गूळ घालतो, रुबार्बला तसं केलंत तर पाच मिनिटांत सगळ्याचा लगदा होतो. म्हणून फोडणीत आधी पाव वाटी पाणी आणि दोनशे ग्रॅम गूळ घालून पाक उकळू द्या, जरा चिकट झाला की मग तुकडे, एक चमचा तिखट आणि मीठ. झाकण न ठेवता, डाव न फिरवता, नुसतं पातेलं हलवत चार मिनिटं. तुकडे गुलाबी दिसायला लागले आणि टोकांना फुगले, की खाली उतरवा. उरलेलं त्यांचं शिजणं पाकातच होतं. गार झाल्यावर गूळ दाटतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, थालीपिठाबरोबर, पोळीबरोबर, उपम्याबरोबर, कशाही बरोबर. आईंसाठी मी गूळ निम्मा घालून वेगळ्या वाटीत काढते आणि तोही त्यांनी चमचाभरच घ्यायचा.

याच मोसमात श्पार्गल, म्हणजे शतावरीचे कोवळे कोंब, ढिगाने येतात. पांढरे आणि हिरवे. शेतकरी ते २४ जूनपर्यंतच काढतात, पुढे रोपाला विश्रांती देतात. हिरवे घ्या, सोलावे लागत नाहीत. तिरपे कापून जिऱ्याच्या फोडणीवर मोठ्या आचेवर परता, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू. गवारीची आठवण येते, पण चव गोडसर. धाकट्याने ही भाजी मागून घेतली.

तळ्याकाठी भरीत

रोजचा डबा सोपा ठेवा. पोळीत बटाट्याची काचरी गुंडाळून, शेजारी मेथांबा, आणि ताक थर्मासमध्ये. गाडीत बसून खायला तिथे कोणाची हरकत नसते. एक दिवस मात्र वेगळा काढा आणि वांगी घेऊन जा.

स्वित्झर्लंडमध्ये तळ्यांच्या काठी, जंगलात, डोंगरवाटांवर सार्वजनिक चुली असतात. दगडांचं कडं, वर लोखंडी जाळी, कितीतरी ठिकाणी शेजारी फोडलेल्या लाकडांचा ढीगही रचून ठेवलेला. नकाशावर "फॉयरश्टेले" शोधलंत की सापडतात. आम्ही ब्रिएन्झच्या तळ्याकाठी गेलो होतो. शेजारचे लोक सॉसेज भाजत होते, आमच्या जाळीवर तीन मोठी वांगी, चार टोमॅटो आणि सोललेले कांदे. वांग्यांना तेलाचा हात लावून, सुरीने टोचून, निखाऱ्यांवर सावकाश फिरवत राहायचं. सालं काळी होऊन सुरकुतली, देठापाशी दाबल्यावर बोट आत गेलं, की झालं. एका डब्यात घालून दहा मिनिटं झाकण लावा, सालं आपोआप सुटतात. घरून आणलेलं कूट, तिखट, मीठ, कोथिंबीर, आणि हाताने कुस्करून कालवणं. आईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. काठावरच्या बाकावर बसून त्यांनी सगळ्यांना वाढलं, आणि शेजारच्या बाईंनी कुतूहलाने विचारलं तेव्हा त्यांनाही पोळीत गुंडाळून दिलं.

पाऊस नसेल आणि रान वाळलं असेल तर तिथलं सरकार विस्तवाला बंदी घालतं. पाटी दिसली तर मुकाट्याने वांगी घरी आणून ओव्हनमध्ये भाजावीत. निघताना विस्तव पाणी घालून पूर्ण विझवा, राख चाचपून बघा.

उशिरा मावळणारं ऊन

एका गोष्टीची मनाची तयारी करून जा. जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. आपला उन्हाळा म्हणजे बारा ते चार खिडक्यांवर पडदे, माठाचं पाणी आणि दुपारची झोप. तिथे लोक उन्हाच्या मागे धावतात. जरा ऊन पडलं की बाल्कनीत टेबल, तळ्यात पोहणं, गवतावर लोळणं. मुलांना आठ वाजता जेवायला बोलावलं की "अजून दुपार आहे" म्हणतात. आमच्या आईंचं गोळ्या-जेवणाचं वेळापत्रक याने बिघडू लागलं, म्हणून घड्याळात साडेसातचा गजर लावला. बाहेर कितीही उजेड असो, गजर वाजला की पानं घ्यायची. मुलांना जेवून पुन्हा खेळायला सोडायचं. मला तर ते जेवणानंतरचे दीड-दोन तास सगळ्यात आवडले. भांडी आवरून झालेली, कोणाला कुठे जायचं नाही, आणि तरी दिवस संपलेला नाही. एरवी मुंबईच्या लोकलमधून उतरून घरी येते तेव्हा दिवस कधीच संपलेला असतो.

जूनमध्ये उतारावर गवत कापायला सुरुवात होते. अख्खं कुटुंब दाताळी घेऊन ते पसरतं, उलटतं, ढगाकडे बघत गोळा करतं, कारण हिवाळ्यात गाईंना तेच खायचं असतं. आई खिडकीतून ते बघत म्हणाल्या, "म्हणजे यांचं वाळवणच की." गच्चीवर कुरडया घालून पावसाकडे डोळे लावणाऱ्या बाईला ते बरोबर ओळखता आलं. तेव्हा एक सकाळ कुठलाही बर्फाचा डोंगर न बघता गावातच काढा. पण गवताच्या कुरणातून चालू नका. ते पीक आहे, वाटेनेच चाला.

घर सोडताना

हळदीचे डाग. पांढऱ्या ओट्यावर, लाकडी डावांवर, मालकाच्या टेबलक्लॉथवर. स्वयंपाकाच्या जागी रोज जुनं वर्तमानपत्र अंथरा, स्वतःचा एक स्टीलचा डाव न्या. डाग पडलाच तर पुसून, धुऊन उन्हात ठेवा, हळद उन्हाने फिकी पडते.

कचरा ठरावीक, कर भरलेल्या पिशवीतच टाकायचा असतो, किंवा साध्या पिशवीवर गावाचं तिकीट चिकटवून. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या दुकानातल्या डब्यात. तिथे हे कोणी सोडून देत नाही.

उरलेलं बेसन, गोडा मसाला मालकिणीला विचारून ठेवा. झाकण उघडलेली पाकिटं नको असतील तर त्या स्पष्ट सांगतात, वाईट वाटून घेऊ नका. उरलेलं ब्राटबुटर शेवटच्या रात्री आमरसावर आणि पुऱ्यांवर संपवावं. आदल्या रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कांदा घालून फोडणीचा करा आणि डब्यात भरा. झ्युरिकच्या विमानतळापर्यंत गाडीने सुमारे तीन तास लागतात, तेवढ्यात तो संपतो.